दहा शुक्रवारांचं रक्त

प्रोफेसर फोलराट यांच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला एक पेशी चिकटायची, आणि ती मग वर्षभर सुटायची नाही. लठ्ठ हाइनलिन हा चरबीची पेशी. "खायचं, साठवायचं आणि केंद्रक बिचारं एका कोपऱ्यात चेपून टाकायचं." बोलताना थुंकी उडणारा विटकोप हा लाळग्रंथीतली पेशी. आल्मुट रेमर्सच्या वाट्याला तांबडी पेशी आली.

"फ्रॉयलाइन रेमर्स, तांबडी पेशी वयात आली की आपलं केंद्रक बाहेर फेकून देते. डोकं नसलं की ओझी वाहायला बरं पडतं. तुम्हाला फेकायचेही कष्ट नाहीत."

वर्ग हसायचा. जो हसायचा नाही त्याचा नंबर पुढचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आल्मुटही हसायची.

हसल्याशिवाय इलाज नव्हता, कारण सगळी सूत्रं या म्हाताऱ्याच्या हातात होती. शरीरातल्या चाळीस जागांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली बघायच्या, लाल-निळ्या पेन्सिलीनं वहीत काढायच्या आणि प्रत्येक पानावर प्रोफेसरांची सही घ्यायची. चाळीस सह्या असतील तरच जुलैच्या परीक्षेला बसायचं. एका विद्यापीठातून आल्मुट आधीच नापास होऊन आली होती. आता पुन्हा घसरली तर डॉक्टरकीचं दार देशभर बंद. घरी काकांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीतला पन्नाशीचा विधुर भागीदार होता. काकांनी दोन्ही गोष्टी तिच्यासाठी राखून ठेवल्या होत्या.

तिला तारलं ते थेक्ला ब्रांडिसनं. दोघी एका विधवेच्या घरात तिसऱ्या मजल्यावर एकाच खोलीत राहायच्या. थेक्ला दोन सत्रं पुढं. तिच्या चाळीस सह्या केव्हाच झालेल्या होत्या. वसंतातल्या परीक्षेला तापानं अंथरूण धरलं म्हणून ती जुलैपर्यंत अडकली होती. प्रोफेसरांनी जिला कधी नाव ठेवलं नाही अशी ती एकटी मुलगी. तिची जीभ मात्र प्रोफेसरांपेक्षा मऊ होती असं कुणी म्हणणार नाही.

"अगं बये, हे काय काढलंयस? बटाटे?" ती आल्मुटची वही हातात घेऊन म्हणायची.

"यकृताच्या पेशी आहेत."

"मग बटाटे बरे. हे बघ, पुस्तक मिट. तू पुस्तकातलं काढतेस, भिंगातलं काढत नाहीस. म्हातारा तिथंच पकडतो." मग राईच्या पावावर डुकराची चरबी फासत फासत ती शिकवायची. "आकार उगाच कुणाला मिळत नाही. स्नायूची पेशी लांब का? तिला ओढायचं असतं. चेतापेशीला कमरेपासून अंगठ्यापर्यंत हात का? तिला निरोप पोचवायचा असतो. आतड्यातली ही बघ, पेल्यासारखी. चिकट द्राव भरायचा, ओतायचा, रिकामं व्हायचं. दुसरं काही येत नाही तिला आणि यावं असंही वाटत नाही. काम विचार, आकार आपोआप कळेल."

एप्रिलअखेर आल्मुटच्या अकरा सह्या झाल्या. आणि बाराव्या पानावर रक्त आलं.

रक्ताच्या पानाला प्रोफेसरांचा वेगळा नियम होता. रक्त आपलं स्वतःचं हवं. बोटात सुई टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं पातळ ओढायचा, वाळवायचा, घरून घेऊन यायचा आणि वर्गात रंगवायचा. "ज्याला स्वतःच्या बोटात सुई घालता येत नाही त्यानं दुसऱ्याच्या अंगाला हात लावू नये. दरवाजा तिकडे आहे." आदल्या वर्षी एकानं कोंबडीचं रक्त आणलं होतं. कोंबडीच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, एवढंही त्या गाढवाला माहीत नव्हतं. प्रोफेसरांनी त्याला सगळ्यांसमोर तीनदा आरवायला लावलं आणि मगच काढून टाकलं.

आल्मुट मढी कापायची, आतडी धुवायची, हाताला वास तसाच ठेवून जेवायला बसायची. पण स्वतःच्या बोटासमोर सुई आली की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. त्या गुरुवारी दुपारी ती अर्धा तास सुई धरून बसली. कपाळाला घाम आला, बोटाला काही सुई लागली नाही.

"आण इकडे," थेक्ला पलंगावरून म्हणाली. हल्ली ती दुपारची आडवीच असायची. "पुढं तू बायकांची बाळंतपणं करणार म्हणे! माझं घे. म्हातारा काय रक्ताला नाव विचारतो? माणसाचं असलं म्हणजे झालं." तिनं खचकन सुई टोचली, काचेवर सुरेख पातळ थर ओढला आणि बोट तोंडात घातलं. "आरवायला लावलं तर मला बोलाव, मी ऐकायला येईन."

आल्मुटनं काचेच्या कोपऱ्यावर आपली आद्याक्षरं लिहिली. आयत्या बिळावर नागोबा व्हायची तिला सवयच लागली होती.

शुक्रवारी वर्गात प्रोफेसर नेहमीसारखे टेबलाटेबलावरून चावत फिरत होते. हाइनलिनच्या रक्ताला त्यांनी बिअरचा फेस म्हटलं. मग ते आल्मुटच्या भिंगाशी वाकले. एखाद्या काचेवर ते अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबत नसत. इथं ते थांबले. काच सरकवली, पुन्हा पाहिलं, खुर्ची ओढून बसले. विटकोप आधीच हसायला तयार होऊन बसला होता, पण हसण्यासारखं काही आलंच नाही.

"फ्रॉयलाइन रेमर्स, तास संपला की माझ्या खोलीत या," ते म्हणाले. आवाज भलताच मऊ होता. पकडली गेले, तिला वाटलं.

खोलीत त्यांनी तिला बसायला सांगितलं. विद्यार्थ्याला त्यांनी बसवल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं.

"हे रक्त तुमचंच ना?"

इथं ती खरं बोलू शकत होती. पण दरवाजा तिकडे होता आणि दरवाज्यापलीकडे गिरणी. "हो, हेर प्रोफेसर."

"हल्ली थकवा येतो? दुपारी पडून राहावंसं वाटतं?"

"हो," ती म्हणाली. विचारतील त्याला हो म्हणून टाकावं, इतकंच तिच्या मनात होतं.

"अंगावर निळे डाग? कशाला आपटल्याचं आठवत नाही असे? सकाळी उशीवर, हिरड्यांतून आलेलं रक्त?"

थेक्लाच्या उशीचा अभ्रा तिच्या डोळ्यांसमोर आला. दंडावरचा तळव्याएवढा डाग आला, ज्याला थेक्ला 'माझा नकाशा' म्हणायची. आल्मुटला तेव्हा कळलं. अगदी पुरतं कळलं. आणि तिच्या तोंडून पुन्हा "हो" गेलं.

प्रोफेसरांनी मान हलवली. "पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार तुम्ही शिकलात. कुणी जंतू खातं, कुणी जखमेकडे धावतं; प्रत्येकाचा आकार वेगळा, काम वेगळं. तुमच्या रक्तात ज्या आहेत त्यांना आकारच नाही. त्या काही झाल्याच नाहीत. त्यांना एकच गोष्ट येते, आणखी होणं. जागा अडवतात आणि कामाच्या पेशी उपाशी मरतात." त्यांनी चष्मा पुसला. "सोमलाचं औषध देतात, क्ष-किरण देतात, उपयोग शून्य. दोन महिने, फार तर अडीच."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं: हे कुणाला बोलायचं नाही. इस्पितळातल्या लोकांना कळलं तर ते तिला पळवून खाटेवर निजवतील आणि फुकट घालवतील. असं रक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत, आठवड्याआठवड्याला, कुणीच जमवलेलं नाही. तिनं दर शुक्रवारी एक काच आणायची. सुई ते टोचणार नाहीत. जिवंत माणसाला त्यांनी वीस वर्षांत हात लावलेला नव्हता. बदल्यात वहीची काळजी तिनं करू नये. त्यांनी तिची वही पुढं ओढली, रक्ताच्या पानावर सही केली आणि उरलेल्या कोऱ्या अठ्ठावीस पानांवर एकामागून एक सह्या ठोकल्या.

समोर बसलेल्या पोरीचे गाल सफरचंदासारखे लाल होते. ते काही त्यांनी पाहिलं नाही. भिंगाखाली नसलेली गोष्ट बघायची त्यांची सवय मोडली होती.

जिना चढताना आल्मुटनं स्वतःला समजावलं. औषध नाहीच, मग सांगून काय होणार? उलट बिचारीचे उरलेले दिवस भीतीत जातील. न सांगणं हीच दया. हे सगळं खरंही असेल. पण वहीत अठ्ठावीस सह्या नसत्या तर तिला ही दया सुचली असती का, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. तिची कीव करावी की थोबाडीत द्यावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"काय गं, आरवलीस?" थेक्लानं विचारलं.

"नाही. पण थर जाड आला म्हणाला. शिक्षा दिलीय. दर आठवड्याला एक काच, सत्र संपेपर्यंत."

थेक्ला इतकी हसली की तिला खोकला आला. "म्हणजे माझ्याच बोटाला शिक्षा! आणि मी ओढलेल्या थराला जाड म्हणतो? मोतीबिंदू झालाय मेल्याला."

अशी गुरुवारची दुपार ठरून गेली. मे महिना गेला, बाजारात पांढऱ्या शतावरीचे कोंब आले नि संपले. चौथ्या गुरुवारी थेक्लाच्या बोटाचं रक्त थांबायला पाव तास लागला. सहाव्याला तिनं रुमाल बांधून ठेवला. पायऱ्या चढताना ती प्रत्येक वळणावर बसायला लागली, आणि हे परीक्षेच्या जागरणांमुळं होतंय असं सांगायला लागली. आल्मुट मान डोलवायची. ती थेक्लासाठी खाटकाकडून वासराचं यकृत आणायची, कांद्यात परतायची, तिच्या वाटणीचे कपडेही धुवायची. अभ्रे ती आधी थंड पाण्यात भिजवायची, म्हणजे डाग निघतात.

"तू फार बदललीस," थेक्ला एकदा यकृत चिवडत म्हणाली. "आधी स्वतःचं ताटसुद्धा उचलायची नाहीस. गिरणीवाल्या विधुराच्या प्रेमात पडलीस की काय?"

"खा मुकाट्यानं."

"खाते. तू वाच. लहान मेंदूतली मोठी पेशी?"

"झाडासारखी. फांद्या एका बाजूला पसरलेल्या."

"का?"

"हजार ठिकाणचं ऐकायचं असतं म्हणून."

"वा! बटाट्यांपासून इथवर आलीस."

तिच्या शिकवण्यात खंड पडला नाही. सह्या आयत्या मिळाल्या होत्या, पण जुलैची तोंडी परीक्षा आयती नव्हती. चार-चारांच्या गटानं प्रोफेसरांसमोर बसायचं, समोर येईल ती बिननावाची काच ओळखायची; आणि त्या खोलीत आणखी दोन परीक्षक असत. थेक्ला पडल्यापडल्या प्रश्न विचारायची, ग्लानी आली की डोळे मिटायची, उघडले की तिथूनच पुढं. आल्मुटला आता सगळं येत होतं.

आठव्या गुरुवारी थेक्लानं काच तिला दिलीच नाही. उजेडाकडं धरून तिनं ती नीट न्याहाळली. "भिंग आण बरं हाइनलिनचं. माझी पोरं कशी दिसतात ते बघते तरी. एवढी पाजलीत म्हाताऱ्याला."

आल्मुटनं काचेसाठी हात पुढं केला. "हाइनलिन गावाला गेलाय."

"मग उद्या तुझ्याबरोबर वर्गात येते."

"एवढ्या पायऱ्या? वेडी आहेस का? परीक्षेपर्यंत जरा अंग जप." आणि तिनं काच थेक्लाच्या बोटांतून अलगद, अगदी प्रेमानं काढून घेतली. थेक्लाची बोटं गार होती. तिनं हट्ट केला नाही.

त्या शुक्रवारी प्रोफेसरांनी काच पाहून तिच्या खांद्यावर थोपटण्यासाठी हात उचलला आणि न टेकवताच खाली घेतला. "आता लवकर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उत्सुकता होती.

परीक्षा जुलैच्या तिसऱ्या शुक्रवारी होती. हाइनलिन, विटकोप, आल्मुट आणि थेक्ला, असा गट पडला. विटकोपनं आणि हाइनलिननं थेक्लाला दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता, पण केस तिनं नीट विंचरले होते. घाईत आणि धास्तीत त्या आठवड्याची काच घ्यायची राहून गेली होती. आल्मुटला त्याचं बरंच वाटलं.

हाइनलिनला आतडं आलं, विटकोपला कूर्चा. दोघांची सालटी निघाली, पण दोघं तरले. मग प्रोफेसरांनी खणातून एक सपाट लाकडी पेटी काढली. आल्मुटनं ती ओळखली. तिला उठून पळावंसं वाटलं.

"फ्रॉयलाइन ब्रांडिस, तुमच्यासाठी नेहमीची काच काढणं म्हणजे अपमान होईल," प्रोफेसर म्हणाले. "ही माझी मालिका आहे. दहा काचा. अजून कुणाला दाखवलेली नाही. वाचा." बाकीच्या दोन परीक्षकांकडे त्यांनी अभिमानानं पाहिलं. काचांवरची आद्याक्षरं त्यांनी कागद चिकटवून झाकली होती. तारखा उघड्या होत्या.

थेक्ला भिंगाशी वाकली. "रक्त," ती म्हणाली. "तांबड्या पेशी कमी, फिकट. पांढऱ्या पेशी फार. आणि त्या... त्या बहुतेक एकाच जातीच्या आहेत. केंद्रक मोठं, बाकी अंग नावाला. आकार आलेलाच नाही त्यांना. कामाला लागायच्या आधीच बाहेर पडलेल्या." तिचा आवाज स्वच्छ होता. तिला विषय आवडला होता. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक काच काढताना ती तारीख मोठ्यानं वाचत होती, नियमच तसा होता. सहा मे. तेरा मे. वीस मे. सत्तावीस मे.

पाचवी काच तिनं हातात धरली आणि भिंगाखाली ठेवली नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहिली. आपण ओढलेला थर माणूस आपल्या अक्षरासारखा ओळखतो. मग तिनं पेटीतल्या पुढच्या तारखांवर बोट फिरवलं. शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार. तिनं मान वळवून आल्मुटकडं पाहिलं. आल्मुट आपल्या बुटांकडं बघत होती.

"थकलात का?" प्रोफेसरांनी विचारलं.

"नाही," थेक्ला म्हणाली आणि तिनं पाचवी लावली. मग सहावी. एकही शब्द न चुकता ती दहाव्यापर्यंत गेली.

"उत्तम! आणि या माणसाचं पुढं काय होणार?"

"मरणार, हेर प्रोफेसर."

"ते आपण सगळेच. नेमकं सांगा."

"तीन आठवडे. पंधरा दिवससुद्धा असतील."

"पंधराच," प्रोफेसर खूश होऊन म्हणाले. "पहिली श्रेणी. काही राहिलं?"

"अकरावी राहिली," थेक्ला म्हणाली. "आज शुक्रवार आहे." टेबलावरच्या ताटलीतली सुई तिनं उचलली, बोटात टोचली, काचेवर थेंब घेतला आणि दुसऱ्या काचेनं थर ओढला. हात हलला नाही. ती काच तिनं वाळवली आणि प्रोफेसरांच्या पुढं सरकवली. बोटातून रक्त टेबलावर ठिबकत राहिलं. विटकोपनं आपला रुमाल पुढं केला.

प्रोफेसरांनी काचेला रंग दिला, धुतली, पाहिली. मग त्यांनी डोकं वर केलं. "फ्रॉयलाइन रेमर्स, हात पुढं करा."

आल्मुटनं हात टेबलावर ठेवले. दहा आठवडे टोचलेली बोटं, आणि एकावरही डाग नाही. प्रोफेसरांनी मग तिच्या तोंडाकडं पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. ते गाल बघून त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला. आपण दहा आठवडे काय बघत होतो, हे या दोन परीक्षकांना कळलं तर गावभर हसं होईल, हा हिशेब त्यांच्या कपाळावर उमटलेला स्पष्ट दिसला. त्यांनी पेन्सिल घेतली. पेटीतल्या एकेका काचेवरचा कागद सोलला, आतली अक्षरं खोडली आणि तिथं थे. ब्रां. लिहिलं. अकराव्या काचेवर तारीख घातली.

"नोंदीत चूक झाली होती," ते परीक्षकांना म्हणाले. "पुढं चला. फ्रॉयलाइन रेमर्स, ही काच ओळखा."

लहान मेंदू होता. आल्मुटनं झाडासारखी पेशी सांगितली, फांद्या का पसरलेल्या ते सांगितलं. यकृत सांगितलं, आतड्यातला पेला सांगितला. एकही उत्तर चुकलं नाही. ती चांगल्या श्रेणीत पास झाली.

बाहेरच्या बाकावर थेक्ला बोटाला विटकोपचा रुमाल गुंडाळून बसली होती. दोघं पोरं गाडी आणायला गेली होती. आल्मुट तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. रडू येत होतं, पण थेक्ला रडत नसताना रडायला तीही धजली नाही.

"पास?" थेक्लानं विचारलं.

"हो."

"पेला विचारला?"

"विचारला." मग तिचा बांध फुटला. "थेक्ला, औषध नव्हतं गं! म्हणून नाही सांगितलं. सांगून काय झालं असतं? तू नुसती घाबरली असतीस."

"घाबरले असते," थेक्ला म्हणाली. "दोन दिवस घाबरले असते. मग आईकडं गेले असते. तिची चार पत्रं आली, ये म्हणून. चारही वेळा मी लिहिलं, परीक्षा झाल्यावर येते, आत्ता एका मठ्ठ मुलीला शिकवतेय." खाली चाकांचा आवाज आला. ती बाकाला धरून उठली आणि आल्मुटनं पुढं केलेला हात तिनं बाजूला केला. "आता दोन दिवसांचा प्रवास मला झेपणार नाही. तू तिला लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."